नातीला ‘जाऊ द्या’ म्हणणारी आई

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४५ वर्षांच्या असून जळगावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. माहेर अमळनेर तालुक्यातले, एकत्र कुटुंबातले शेतकरी घर. १९९७ मध्ये बारावीच्या गुणांवर त्यांना पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. आईने ‘जायचे नाही’ एवढेच सांगितले, कारण दिले नाही. जळगावच्या कॉलेजचा विषयही निघू दिला नाही. त्या तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी. झाल्या आणि २००१ मध्ये त्यांचे लग्न झाले. वडील सहा वर्षांपूर्वी वारले. आई ६६ वर्षांच्या आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि गावी मुलाकडे राहतात. पत्रलेखिकेच्या मुलीने यंदा बारावीची परीक्षा दिली असून तिला पुण्याला शिकायला जायचे आहे, पण पत्रलेखिकेचे मन धजत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या मुलीसह माहेरी गेल्या असताना आई सर्वांसमोर म्हणाल्या, ‘पोरले जाऊ द्या. शिकू द्या.’ पत्रलेखिका उठून आत गेल्या. तेव्हापासून दीड महिना त्यांचे आईशी धड बोलणे नाही. त्या विचारतात : ‘आईला त्या वेळचा जाब विचारावा, की आता वय झाले म्हणून सोडून द्यावे? आणि मीसुद्धा तशीच आई होत चालले आहे का?’

ताई,

भरल्या ओसरीवरून उठून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि रसासाठी पाण्यातून काढून ठेवलेले आंबे एकेक घेऊन पुसत बसलात, ते आधीच पुसलेले होते, असे तुम्ही दोन ओळींत लिहिले आहे. सहा पानांच्या पत्रात मला त्या दोन ओळींपाशी सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले. पुढे लगेच तुम्ही लिहिता की आईने चांगलेच सांगितले, तरी मला राग आला, याची मला लाज वाटते. लाज वाटून घेऊ नका. आईने आपल्याला जे दिले नाही, ते तिच्याच हातून दुसऱ्या कोणाला सहज मिळताना पाहणे फार जड जाते, आणि तो दुसरा कोणी आपल्याच पोटचा असला तर त्या रागाला जागाच उरत नाही. मुलीसाठी आनंद वाटला पाहिजे म्हणून राग गिळायचा, आणि गिळला म्हणून तो आईशी फोनवर बोलताना भलत्याच निमित्ताने बाहेर पडायचा, असे तुमचे गेला दीड महिना चालले आहे.

तरीही तुमच्या पत्रातील काही गृहीतके मला तपासून पाहावीशी वाटतात, कारण ती तशीच ठेवून तुम्ही आईसमोर बसलात, तर त्या बोलण्यातून काही हाती लागणार नाही.

‘आईने अडवले’ हे वाक्य तुमच्या पत्रात पाच ठिकाणी आले आहे. वडिलांचा उल्लेख दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी तो मायेने केलेला आहे : तुमचा निकाल आणायला ते सायकलवर तालुक्याला गेले होते, आणि तुम्ही कॉलेजात पहिल्या आल्याचे पेढे त्यांनी साऱ्या गल्लीत वाटले होते. घरात आजी होती, दोन काका होते, शेती आणि पैसा सामाईक होता, असेही तुम्ही लिहिता. मात्र १९९७ च्या जूनमध्ये त्यांतील कोण काय म्हणाले, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. पुण्याच्या फीचे आणि राहण्याचे पैसे कोणाच्या हातून सुटायचे होते? तुम्हाला पुण्याला घेऊन कोण जाणार होते? तुमच्या आईच्या हातात तेव्हा स्वतःचे म्हणून किती रुपये असत? एकत्र कुटुंबात असे निर्णय ओसरीवर होत असत आणि ते मुलीला सांगण्याचे काम मात्र चुलीपाशी बसलेल्या बाईवर सोपवले जाई. वडील पेढ्यांच्या पुड्यासह आठवणीत राहतात आणि आई नकारासह, ही वाटणी कितीतरी घरांत झालेली मी पाहिली आहे. मला पत्र लिहिणाऱ्या मुली वडिलांच्या गप्प राहण्याला सहसा स्वभाव म्हणतात आणि आईच्या गप्प राहण्याला कठोरपणा.

तुमच्या घरात असेच झाले, असे मी म्हणत नाही. कदाचित सारे घर राजी होते आणि आईच एकटी आडवी आली. तसे असेल, तर तेही तुम्हाला कळायला हवे. आज तुम्ही ज्या निकालावर अठ्ठावीस वर्षे चालत आला आहात, तो तुम्ही सतराव्या वर्षी, दाराआडून ऐकलेल्या एका वाक्यावरून दिलेला आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता थोडा हिशेब मांडू या. आई ६६ वर्षांच्या, शिक्षण सातवी, लग्न सतराव्या वर्षी, एवढे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे १९७२ साली त्या तेरा वर्षांच्या आसपास असतील, आणि सातवीचे वर्ष नेमके तेव्हाच येते. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या मोठ्या भागाप्रमाणे खान्देशानेही सोसला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई, रस्त्यांसाठी खडी फोडायला घरेच्या घरे जात आणि हातोडी पेलू शकणारी पोरेही त्यांत असत. किती मुलींची शाळा त्या वर्षी सुटली आणि पुन्हा सुरू झालीच नाही, याची नोंद त्यांच्या घरांतसुद्धा कोणी ठेवली नाही. तुमच्या आईची शाळा त्या दुष्काळात सुटली, की गावात सातवीपर्यंतच वर्ग होते, की धाकटी भावंडे सांभाळायला कोणी नव्हते, हे मला ठाऊक नाही. माझा अंदाज आहे की तुम्हालाही ते ठाऊक नाही. ‘आई सातवीपर्यंत शिकली’ हे वाक्य तुम्ही तिच्या वयाच्या आणि गावाच्या शेजारी, माहितीच्या रकान्यात लिहावे तसे लिहिले आहे. तिच्या लग्नाचेही तसेच. मुलीच्या लग्नाचे किमान वय कायद्याने पंधरावरून अठरा झाले ते १९७८ मध्ये, म्हणजे तिचे लग्न होऊन गेल्यावर. ज्या बाईला शाळेबद्दल कोणी विचारले नाही आणि लग्नाबद्दलही नाही, तिला मुलीला कारण सांगायचे असते हे कोणी आणि कधी दाखवले असेल?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मी बराच विचार केला. आईने पुणे तर नाकारलेच, पण जळगावचाही विषय निघू दिला नाही, हे तुम्हाला अडाणीपणाचे लक्षण वाटते. ताई, १९९७ च्या तीनच वर्षे आधी, १९९४ मध्ये, जळगावात मुलींना धमकावून केलेल्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले होते. वर्तमानपत्रे महिनोन्महिने त्याच बातम्यांनी भरलेली असत, आणि गावागावांतल्या पारांवर त्याची चर्चा अशा पद्धतीने होई की जणू दोष शिकायला गेलेल्या मुलींचाच होता. तुम्ही तेव्हा चौदा वर्षांच्या होतात, तुमच्या कानावर अर्धवट काहीतरी आले असेल. आयांच्या कानावर सगळे येत होते. त्या वर्षांत वसतिगृहातून परत बोलावून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना घरून कारण काय सांगितले गेले? ‘आजीची तब्येत बरी नाही’, ‘घरी कामाला माणूस नाही’, ‘आता शिकून काय करायचे’. खरे कारण उच्चारण्याची भाषाच त्या आयांकडे नव्हती. मुलीशी तो विषय काढणे म्हणजे तिच्यावर संशय घेण्यासारखे आहे, असे त्यांना वाटे, आणि म्हणून त्यांनी कारण न सांगता दार लावून घेतले. तुमच्या आईच्या मनात हेच होते, असा माझा दावा नाही. पण ‘तिला माझी प्रगती नको होती’ हे एकच कारण धरून चालण्यापूर्वी ही दुसरी शक्यताही विचारात घ्या, अशी माझी विनंती आहे.

आयांची भीती पुष्कळदा पाळतीसारखी दिसते. हे मला फार उशिरा कळले, म्हणून माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. १९८७ मध्ये मी धुळ्याहून जळगावला शिकायला आले. एक रविवार सोडून एक रविवार घरी जायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने पारोळा, एरंडोल मार्गे परतायचे, असा क्रम होता. माझी आई दर वेळी स्टँडवर येई. मी जागेवर बसले की ती खिडकीपाशी न येता गाडीच्या पुढे जाई, क्षणभर तिथे उभी राही, मग मागे येऊन मी बसले त्या बाकाकडे एक नजर टाकी आणि न बोलता घराकडे वळे. माझ्या शेजारी कोण बसले आहे हे पाहायला ती येते, असे मी धरून चालले होते. एकदा मी चारचौघांत तिला म्हणालेसुद्धा, ‘माझ्यावर एवढाही भरवसा नसेल तर येत जाऊ नकोस.’ ती पुढच्या वेळीही आली, फक्त खिडकीपासून आणखी दूर उभी राहिली.

२००८ मध्ये घराला रंग देताना आम्ही माजघरातले फडताळ रिकामे केले. फळ्यांवर जुन्या कॅलेंडरची पाने एकावर एक अंथरलेली होती. त्यांच्या चौकटींत दुधाचे हिशेब होते, आणि १९८७ ते १९९० च्या पानांवर एका आड एक रविवारी, दुधाच्या आकड्याखाली, तिच्या चौथी शिकलेल्या वळणाच्या अक्षरात चार आकडे लिहिलेले होते. मी विचारले, हे काय? ती स्टीलचा डबा पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, ‘गाडीना नंबर शे.’ मग सांगू लागली, की त्या रस्त्यावर सारखे अपघात व्हायचे, आपल्याकडे फोन नव्हता, उद्या काही खबर आली तर कोणत्या गाडीची चौकशी करायची हे तरी माहीत असायला हवे होते. एवढे सांगून तिने तो डबा उन्हात ठेवला. ते शब्द जर तिने मला स्टँडवर सांगितले असते, तर मी तीन वर्षे तिच्यावर रुसून बसले नसते. पण अठरा वर्षांच्या मुलीला निरोप देताना कोणती आई अपघाताचे नाव काढील? आमच्यात ते अभद्र मानतात.

तुमच्या घरी असे कॅलेंडर सापडेलच, असे नाही. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की कळली, की मी आईला इतक्या वर्षांत ‘तू असे का वागलीस’ असे अनेकदा मनातल्या मनात विचारले होते, पण ‘तू तिथे उभी राहून काय करायचीस’ असे साधे कधीच विचारले नव्हते. ‘का’ या शब्दाने सुरू होणारा प्रश्न आईच्या कानाला फिर्यादीसारखा लागतो. मग ती एकतर गप्प होते, नाहीतर ‘हो, मीच वाईट’ म्हणून उठून जाते. ‘कोण’, ‘कुठे’, ‘कधी’, ‘किती’ असे विचारले, की ती आठवू लागते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की जाब विचारू नका, आणि सोडूनही देऊ नका. तुम्ही दोन्ही टोके एकत्र बांधून ठेवली आहेत, जणू वादी झाल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही. सोडून देणे तुम्हाला जमणार नाही. जमणारे असते तर आंबे दोनदा पुसले गेले नसते. वय झाले म्हणून सोडून देण्यात तर आईला कमी लेखणेच आहे. सहासष्ट वर्षांची बाई सत्य ऐकू शकते, आणि सांगूही शकते.

कसे बोलावे, याबद्दल मला जे सुचते ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे फोनवर नको. तुम्ही लिहिले आहे की आईचा फोन ‘जेवनी का?’ ने सुरू होतो आणि दोन मिनिटांत संपतो. त्या दोन मिनिटांवर अठ्ठावीस वर्षांचे ओझे टाकू नका. एका शनिवारी मुलीला न घेता, नवऱ्याला न घेता, एकट्या गावी जा. ज्येष्ठ चालू आहे, घरात लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडल्या असतील. आई विळ्यावर फोडी करील आणि तुम्ही कोयी काढून फोडी कोरड्या फडक्याने पुसाल, असे शेजारी शेजारी बसा. समोरासमोर बसून एकमेकींच्या डोळ्यांत पाहून मन मोकळे करण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि ती नाही म्हणून आपल्यात माया कमी आहे असेही नाही. हात कामात आणि नजर कैरीवर असली, की जड गोष्ट बाहेर पडायला सोपे जाते, आणि मध्येच गप्प बसावेसे वाटले तरी ते गप्प बसणे खुपत नाही.

सुरुवात तुमच्या पुण्यापासून करू नका. तिच्या शाळेपासून करा. सातवीला गुरुजी कोण होते, शाळा कोणत्या महिन्यात सुटली, सुटली तेव्हा तिच्याबरोबर आणखी कोण मुली होत्या, दुष्काळात त्यांच्या घरी काय खात, खडी फोडायला ती गेली होती का, हे विचारा. पहिल्या भेटीत एवढेच झाले तरी पुरे समजा आणि लोणच्याची बरणी घेऊन परत या. माझ्या एका वाचक भगिनीने आईला फक्त इतकेच विचारले होते, की ‘तुझी माय वारल्यावर आखाजीला तू कुठे जायचीस?’ आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हे आपण वर्षानुवर्षे धरून चालतो. आपल्या आईचे माहेर कोणत्या वर्षी मिटले, हे मात्र आपण मोजलेले नसते. त्या एका प्रश्नावर ती माउली अर्धी रात्र बोलत होती.

दुसरी गोष्ट भाषेची. तुम्ही सहज लिहून गेला आहात, की कॉलेजात अहिराणीला मुले हसत, म्हणून तुम्ही ती बोलणे सोडले, आणि आता आई तक्रार करते की तुम्ही तिच्याशी पुस्तकासारखे बोलता. या तक्रारीला मी फार महत्त्व देते. प्रमाण मराठीत तुम्ही शिक्षिका असता, आणि ती सातवी शिकलेली बाई असते. तुम्ही मुद्दा मांडता, तिला मुद्दा मांडता येत नाही, म्हणून ती एकतर चिडते, नाहीतर ‘माले काय समजस’ म्हणून माघार घेते. तुमची अहिराणी अडखळत असेल, तर अडखळू द्या. आईला सुधारू द्या तुमचा शब्द. बोलण्यात तुमचे पारडे जड न राहता काही वेळ तिचे झाले, तर बिघडणार काही नाही. आणि जेव्हा तुमच्या दुःखाची वेळ येईल, तेव्हा ते तिच्या भाषेत आणि एकाच वाक्यात सांगा : ‘माय, तव्हय माले वाईट वाटनं.’ त्याच्यापुढे ‘तुझ्यामुळे’ लावू नका, आणि ‘पण जाऊ दे आता’ असे म्हणून ते पुसूनही टाकू नका. वाक्य बोलून झाले की थांबा. हे थांबणेच सर्वांत कठीण जाते, कारण आईच्या चेहऱ्यावरची वेदना पाहून आपणच घाईघाईने तिची समजूत काढू लागतो आणि आपले सांगणे अर्धेच राहते.

यानंतर काय होईल, हे मला सांगता येणार नाही. ती कदाचित सारे सांगेल. कदाचित ‘मला आठवत नाही’ म्हणेल. या वयात खरोखरच आठवत नसेल, किंवा ज्या वेळी आपणही हतबल होतो ती वेळ आठवायची तिची तयारी नसेल. दोन्हींत लगेच ‘खोटे बोलू नकोस’ म्हणू नका. मोठ्या काकू हयात असतील तर त्यांना विचारा, त्या घरात तेव्हा त्याही होत्याच. कदाचित ती रागावेल. तसे झाले तर रात्री पुन्हा विषय काढू नका, सकाळची गाडी धरून या आणि आठ दिवसांनी नेहमीसारखा फोन करा. आणि कदाचित ती सरळ म्हणेल, ‘मला तेव्हा तेच बरोबर वाटले.’ त्यावर तुम्ही तिच्याशी सहमत व्हायचे नाही. आईची बाजू कळली म्हणजे आपले नुकसान झालेच नव्हते, असे मानायची सक्ती कोणावरही नाही. तुम्ही हुशार होतात, तुम्हाला जायचे होते, तुम्हाला जाऊ दिले नाही, आणि ते चूक होते. तिच्या भीतीला कारण होते हे मान्य करूनही ते चूकच होते, असे मी माझ्याकडून लिहून देते.

‘तिने निदान एकदा चुकले म्हणावे’ अशी तुमची अपेक्षा आहे. ती रास्त आहे, पण तिच्यावर सारे टांगून ठेवू नका. आपल्या आयांना मुलांपुढे ‘माझे चुकले’ म्हणता येत नाही; त्याऐवजी डबे येतात, बिबड्या येतात, कुरडया येतात. डब्याने सगळे भागते, असे मी म्हणणार नाही, कारण ज्या मुलीला शब्द हवे होते तिला कुरडया देऊन गप्प करणे हाही अन्यायच आहे. मात्र आखाजीचे ते वाक्य पुन्हा एकदा आठवून पाहा. ‘पोरले जाऊ द्या, शिकू द्या,’ हे तिने तुमच्या कानात न सांगता ओसरीवर, मुलगा, सून, दीर अशा सगळ्यांसमोर सांगितले. त्याच ओसरीवर १९९७ मध्ये तिला बोलता आले होते का? आज वडील नाहीत, सासू नाही, काका वेगळे झाले आहेत, आणि त्या घरात वडीलधारी म्हणून आता तीच आहे. तुम्ही त्या वाक्यात ‘तुला नाही, तिला हो’ असे ऐकले. मला ते वाचताना असे वाटले, की जे तिला एकदा मोठ्याने म्हणता आले नव्हते, ते ती पहिल्यांदा मोठ्याने म्हणत होती, आणि ते ऐकायला तुम्ही समोर असाव्यात, असेही तिला वाटत असेल. हा माझा तर्क आहे. खरे काय, ते तिलाच विचारा.

आता तुमच्या मुलीबद्दल. तुम्ही ‘तशीच आई’ होत आहात का, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही तिला पाठवता की नाही यावर ठरत नाही. १९९७ चे पुणे आणि आजचे पुणे यांत अंतर तेवढेच आहे, पण तेव्हा तुमच्या गावात फोन एका घरी होता आणि आज मुलगी खोलीत पोहोचल्याबरोबर तुम्हाला तिची खोली दाखवील. म्हणून आजीच्या आजच्या ‘हो’ला तेव्हाच्या ‘नाही’शी तोलणे तितकेसे खरे नाही, आणि तुमच्या आजच्या भीतीला तेव्हाच्या तिच्या भीतीएवढी मोठी करणेही खरे नाही. पुण्याचा प्रश्न त्याच्या जागी सोडवा. अभ्यासक्रम कोणता, तो जळगावात किंवा नाशिकला तितकाच चांगला मिळतो का, वसतिगृह कॉलेजचे आहे की खासगी, तिथल्या रेक्टर बाईंशी तुम्ही स्वतः जाऊन बोललात का, वर्षाचा खर्च किती, हे कागदावर मांडा आणि मुलीला शेजारी बसवून मांडा. खर्चाबद्दल इतर वाचकांसाठी येथेच सांगते : राज्य शासनाने २०२४-२५ पासून, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. दोघांच्या पगारामुळे तुमच्या घराला ते कदाचित लागू होणार नाही, पण फीच्या धास्तीने मुलीला घरी बसवणाऱ्या पालकांनी कॉलेजात जाऊन आधी चौकशी करावी.

आणि भीती वाटत असेल, तर मुलीला ती नाव घेऊन सांगा. ‘मला रात्रीच्या प्रवासाची भीती वाटते’, ‘तू आजारी पडलीस तर मी चारशे किलोमीटर लांब असेन याची भीती वाटते’, ‘तू तिकडची होशील याची भीती वाटते’. ही तिसरी भीती सांगायला सर्वांत अवघड आहे आणि बहुधा तीच सर्वांत मोठी असते. तुमच्या आईला जी भीती सांगता आली नाही, ती तुम्हाला सांगता येते, तुमच्याकडे शब्द आहेत. मुलगी ऐकून हसेल, चिडेल, वाद घालील. पण तिला कारण माहीत असेल आणि त्या कारणाशी भांडता येईल. तुम्हाला सतराव्या वर्षी भांडायलासुद्धा काही मिळाले नव्हते.

हे वाचणाऱ्या तुमच्या आईच्या वयाच्या भगिनींना एवढेच सांगायचे आहे, की मुलीने विचारायची वाट पाहू नका. तिला काही नाकारले असेल आणि त्यामागे काही घडलेले असेल, तर ते आता सांगून टाका, कितीही वर्षे झाली असली तरी. ज्यांची आई आता नाही, त्यांनी मावशीकडे, मामीकडे, शेजारच्या काकूंकडे जावे. आईची गोष्ट बऱ्याचदा त्यांच्यापाशी असते आणि त्यांनाही कोणी विचारलेले नसते. आणि ज्यांच्या आईने त्यांना खरोखर छळले, मारले, त्यांनी हे पत्र स्वतःसाठी धरू नये. अशा आईला समजून घेण्याचे कर्ज मुलीच्या डोक्यावर नसते, आणि तिच्यापासून दूर राहून शांत जगणाऱ्या मुलींना मी कधीही परत जा असे सांगितलेले नाही.

ताई, मुलीच्या प्रवेशाच्या तारखा लवकरच येतील आणि मग तुम्हाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळणार नाही. त्याआधीचा एक शनिवार आईसाठी काढून ठेवा. जाताना पुण्याचा निर्णय झाला की नाही, हे तिला आधी सांगू नका, नाहीतर सारे बोलणे नातीवरच जाईल. कैऱ्या पुसायला बसा, आणि तिची सातवीची शाळा कोणत्या महिन्यात सुटली, ते विचारा.